कोपराने चालणारी मशीन

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पार पुसून गेली आहे आणि एकच फूल शिल्लक आहे, त्यावरून काय तो अंदाज बांधा. मित्रांनो, मी जरा तोंडाळ आहे. जन्मभर खडखड केल्यावर आता गप्प कशी बसणार? तेव्हा ऐकायचं असेल तर नीट बसा आणि मधे मधे माझ्या चाकाला हात लावू नका. दोरा तुटतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, त्यावर काळा चकचकीत रंग, वर सोनेरी फुलं. आम्ही शंभर जणी एका रांगेत उभ्या होतो. एका म्हाताऱ्या कारागिराने माझं चाक फिरवून कान लावला आणि म्हणाला, "ही बडबडी निघणार, पण टाका सरळ घालते." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस फुशारक्या मारल्या.

माझी घडण पायाने चालवण्याची होती. खाली लोखंडी जाळी, तिच्यावर दोन्ही पावलं ठेवायची आणि पुढे-मागे दाबायची. मग मोठं चाक फिरतं, पट्टा फिरतो आणि सुई वरखाली होते. म्हणजे माझं सगळं बळ खाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल.

एका दानशूर मंडळाने आम्हा वीस जणींना विकत घेतलं आणि एका सभागृहात नेलं. व्यासपीठावर आम्हाला ओळीने मांडलं. मागे मोठा फलक होता : अपंग भगिनींना स्वावलंबनाची भेट. माझ्या वाट्याला जी आली ती चाकाच्या खुर्चीत बसलेली होती. लहानपणी आलेल्या तापात तिच्या दोन्ही पायांतली ताकद गेली होती. घरातली सगळ्यात लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. व्यासपीठाला पायऱ्या होत्या, त्यामुळे तिला वर येता येईना. शेवटी चौघांनी मलाच खाली उतरवलं. प्रमुख पाहुण्यांनी तिचा हात माझ्यावर ठेवला, फोटो काढला आणि माइकवरून म्हणाले, "बाळ, आता स्वतःच्या पायावर उभी राहा!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

धाकटीने माझ्या जाळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. "अहो, पण ही तर पायाने चालवायची आहे," ती म्हणाली. माइक दुसऱ्याच्या हातात होता. कुणाला ऐकूच गेलं नाही. मला गेलं. मला अशी लाज वाटली म्हणता! चूक माझी नव्हती, पण मीच ती चूक होते ना.

मग वर्षभर मी त्यांच्या घरात कोपऱ्यात उभी होते. दोनच खोल्यांचं घर. धाकटीच्या आईने माझ्यावर एक जाड कापड घातलं. त्या कापडावर आधी घड्याळ आलं, मग धुतलेल्या कपड्यांच्या घड्या आल्या, मग मांजर आलं. पाहुणे यायचे, कापड उचलून बघायचे, "वा, नवीकोरी आहे!" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. वर्षभरानंतरही मी नवीकोरीच होते, हेच तर माझं दुखणं होतं. न वापरलेल्या मशीनला गंज आतून चढतो, मित्रांनो. बाहेरून काही दिसत नाही.

एक दिवस धाकटीने मांजराला हुसकावलं आणि माझ्यावरचं कापड ओढून काढलं. तिचे बाबा सायकली दुरुस्त करायचे. दुकान घरालाच लागून होतं. तिने हाक मारली, "बाबा, हिला हाताने फिरवायचा दांडा बसवा."

बाबांनी सायकलचा एक जुना दांडा कापून माझ्या चाकाला जोडला. मी चालले! पहिल्या दिवशी तिने घरातली फाटलेली सगळी फडकी शिवून काढली. पण उजवा हात दांड्यावर गुंतला, की कापड धरायला उरतो एकच. सरळ शिवण ठीक होती. गोलाई आली की कापड सरकायचं आणि टाका भलतीकडेच जायचा. तिने एक गळा शिवला, उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा उसवला. सहाव्यांदा कापडच फाटलं.

"मला दोन्ही हात कापडावर पाहिजेत," ती म्हणाली.

"अगं, मग फिरवणार कशाने?" आई म्हणाली.

त्याचं उत्तर शोधायला तिला आठ दिवस लागले. आठव्या दिवशी ती नुसती माझ्यासमोर बसून हात हवेत हलवत होती, कापड धरल्यासारखी. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हातांना काम असतं तेव्हाही उजवं कोपर टेबलावर रिकामंच बसलेलं असतं. तिने बाबांना एक छोटी विजेची मोटर आणायला लावली. मोटरीबरोबर दाबायचं बटण येतं, चपट्या डबीसारखं.

बाबा डबी उलटीपालटी करत म्हणाले, "पण हे जमिनीवर ठेवून पायाने दाबायचं असतं."

"बाबा, त्या डबीला काय कळतंय पाय आहे की कोपर?"

बाबा असे हसले, की हातातला पाना खाली पडला. त्यांनी लाकडाचा ठोकळा कापून ती डबी टेबलाच्या कडेला बसवली. ठोकळा उंच झाला, तिचा खांदा भरून आला. तासला. मग बुटका झाला. तिसऱ्यांदा बरोबर जमला. आता धाकटी दोन्ही हातांनी कापड धरायची, कोपर जरासं टेकवायची, की मी सुरू. कमी दाबलं की हळू, जास्त दाबलं की भरधाव. चार महिन्यांत तिने गळा, बाही, खिसा सगळं आत्मसात केलं. माझी जाळी खाली तशीच राहिली. तिच्यावर मांजर झोपायचं.

गल्लीच्या टोकाला एक शिवणकारखाना होता. दवाखान्यांचे, हॉटेलांचे गणवेश तिथे शिवले जात. तिथल्या मास्तरांकडे धाकटी स्वतः शिवलेला शर्ट घेऊन गेली. आल्यावर काय झालं ते तिने आईला तावातावाने सांगितलं, ते सगळं मी ऐकलं. मास्तर भले गृहस्थ. शर्ट उलटा करून बघितला आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. घरी काज-बटणं पाठवत जाईन."

"मला पूर्ण शर्ट द्या ना, मास्तर."

"मशीनवर बसायला शिवणपरीक्षेचं प्रमाणपत्र लागतं. ते आण, मग जागा तुझी."

झालं! धाकटीच्या डोक्यात परीक्षा शिरली. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? चार तासांत पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट शिवायचा, कॉलर आणि कफांसकट. तिला येत होतंच की. पण शिवण्याच्या आधीच केवढं रामायण झालं ते ऐका.

परीक्षा घेणाऱ्या शाळेच्या कारकुनाने तिचा अर्ज हसतमुखाने घेतला. "तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्हाला यंत्रकामातून सूट आहे. हाताने तुरपाई करा, चार बटणं लावा, की पास. प्रमाणपत्रावर फक्त एक शिक्का येतो : यंत्रकामातून सूट दिली."

"तो शिक्का बघून मला मशीनवर कोण बसवेल?"

कारकून गोंधळला. "अहो, लोक सूट मागायला येतात. सूट नको म्हणून भांडायला आलेल्या तुम्हीच पहिल्या!"

"मला सूट नको, सोय हवी. माझी मशीन आणू द्या आणि परीक्षा तळमजल्यावर घ्या. वरच्या मजल्यावर मी येऊ शकत नाही."

मित्रांनो, सूट आणि सोय यांत केवढा फरक आहे! सूट म्हणजे, तुला जमणार नाही, तू बाजूला बस. सोय म्हणजे, ये, इथून वाट आहे. धाकटीने तीन अर्ज दिले. मशीन आणायची परवानगी मिळाली. तळमजल्याबद्दल कागदावर एक अक्षरही आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाबांनी मला हातगाडीवर चढवलं. शाळेच्या दारातल्या दोन पायऱ्यांवर त्यांनी घरून आणलेल्या फळ्या टाकल्या. धाकटी आत गेली, मी आत गेले. समोर जिना होता. अरुंद, उंच पायऱ्यांचा, मधे वळण घेणारा. परीक्षा वरच.

दोन शिपाई बाह्या सरसावून पुढे आले. "चला ताई, खुर्चीसकट उचलतो. काही काळजी करू नका."

"तुमचे उपकार, दादा. पण मला नका उचलू," ती म्हणाली. "जीव मुठीत धरून वर जायचं आणि लगेच थरथरत्या हाताने सुईत दोरा ओवायचा? मधे बाथरूमला जायचं झालं तर पुन्हा सगळ्यांसमोर उचलणार? मी परीक्षा द्यायला आले आहे. इथेच बसते."

आणि ती जिन्याखाली बसली. तिथे पिण्याचं पाणी थंड करणारं यंत्र होतं. त्याची वायर काढून बाबांनी माझी लावली.

परीक्षकबाई तरातरा खाली आल्या. साठीला आलेल्या, चष्म्याला दोरी, कडक इस्त्रीची साडी. "हे नियमात बसत नाही."

"नियमात एवढंच आहे, की परीक्षार्थी परीक्षकाच्या नजरेखाली हवा. मी वाचलाय, बाई. तुम्ही बघा, मी कुठे पळून जात नाही."

"वर अकरा जणी आहेत. मी काय उडत खाली येऊ?"

धाकटीने खुर्ची माझ्याजवळ सरकवली. तिने दोरा ओवला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोपराखालच्या ठोकळ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग तिच्या पुढ्यात कापड टाकलं. एका शिपायाला शेजारी बसवलं. "मी येऊन जाऊन बघीन. घंटा सगळ्यांची एकच." त्या वादात वीस मिनिटं गेली होती. ती कुणी भरून दिली नाहीत.

त्या चार तासांत परीक्षकबाई नऊ वेळा जिना उतरल्या आणि नऊ वेळा चढल्या. पहिल्या वेळी ताठ होत्या. चौथ्या वेळी कठडा धरून आल्या. सातव्या वेळी शेवटच्या पायरीवर बसल्याच. "अगं आई गं! हे असले जिने बांधतं तरी कोण?"

"मीही तेच विचारतेय, बाई," धाकटी मान वर न करता म्हणाली.

बाईंनी गुडघे चोळले. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाल्या, "घड्याळ बघ. कॉलर राहू दे. तेवढी सूट मी माझ्या अधिकारात देते."

"वरच्या अकरा जणींनाही देताय का?"

"छे! त्यांना कशी देणार?"

"मग मलाही नको."

कॉलर तिने लावली, आणि काय सुरेख लावली! दोन्ही टोकं सारखी, कुठे चूण नाही. आणि नेमका तेव्हा मी घात केला. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. घाईत तिचं कोपर जोरात पडलं, मी उधळले आणि माझ्या पोटात खालचा दोरा गुंतला. तो गुंता सोडवण्यात आठ मिनिटं गेली. घंटा झाली तेव्हा डाव्या हाताचा कफ नुसता कच्च्या टाक्यांवर लटकत होता.

परीक्षकबाईंनी शर्ट उलटा केला, शिवण न् शिवण तपासली आणि वहीत गुण लिहिले. निकाल लागला. पास व्हायला पन्नास लागत होते. धाकटीला शेहेचाळीस.

कारकून धावत आला. "अहो, अजूनही सूट घ्या. आत्ता पास करून देतो, घरी जाताना प्रमाणपत्र घेऊनच जा."

"नापासाचा कागद द्या," ती म्हणाली.

घरी आल्यावर मात्र ती रडली. खोटं कशाला सांगू? माझ्यावर डोकं टेकून रडली, इतकी की मला गंजाची भीती वाटली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "पुरे आता, राणी. काज-बटणं काय वाईट आहेत? मला बघवत नाही गं, तू प्रत्येक दारात असं भांडत बसतेस ते."

"आई, शेहेचाळीस मिळाले," धाकटी नाक पुसत म्हणाली. "आजवर मला सगळ्यांनी कौतुकाचे शंभर दिले. हे शेहेचाळीस माझे आहेत. अजून चारच हवेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने माझं पोट उघडलं, आतली धूळ झाडली, तेल घातलं आणि कफ शिवायला घेतला. रोज एक कफ. उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. शिवाय शाळेला चौथा अर्ज.

पण या वेळी शाळेकडे आणखी एक कागद गेला होता. परीक्षकबाईंनी अहवालात लिहिलं होतं, की परीक्षार्थी आणि परीक्षक दोघांच्याही सोयीसाठी परीक्षा तळमजल्यावर घ्यावी, अन्यथा पुढच्या वेळी दुसरा परीक्षक शोधावा. बाईंचे गुडघे कामी आले म्हणा! तळमजल्यावर मोडक्या बाकांनी भरलेली एक लांबलचक खोली होती. अर्ध्या दिवसात रिकामी झाली. अर्ध्या दिवसाचं काम होतं, मित्रांनो, आणि त्याला चार अर्ज आणि एकदा नापास होणं लागलं!

सहा महिन्यांनी त्या खोलीत मी इतर मशीनींच्या रांगेत उभी राहिले. आमच्या एका बाजूला दिवस भरत आलेली एक बाई होती. दुसऱ्या बाजूला एक म्हातारे शिंपी होते. तीस वर्षं शिवत होते, पण दम्यामुळे जिना नको म्हणून परीक्षेला कधी आलेच नव्हते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं खाली घेतली. कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

"जिन्याच्या," धाकटी म्हणाली आणि कामाला लागली.

त्या दिवशी मी एकदाही अडले नाही. कोपर हलकं पडत होतं, कापड दोन्ही हातांत होतं, टाका सरळ जात होता. कॉलर झाली, बाह्या झाल्या, उजवा कफ झाला, डावा कफ झाला. घंटेला दहा मिनिटं असताना ती सुटे दोरे कापत बसली होती. गुण पडले एकसष्ट. फार नाहीत. शेजारच्या शिंपीकाकांना त्र्याऐंशी पडले आणि ते योग्यच होतं.

प्रमाणपत्र आणायला ती शाळेच्या कचेरीत गेली. मी तिथे नव्हते, पण तिने तो प्रसंग घरात इतक्यांदा सांगितला आहे, की मला तोंडपाठ आहे. कारकुनाने प्रमाणपत्र काढलं, तिच्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्याचा हात सवयीने शिक्क्याकडे गेला. शिक्का शाईत बुडवला. कागदावर नेला.

"साहेब," ती म्हणाली, "सूट कशातून?"

कारकुनाने गुणांचा कागद वाचला. यंत्रकाम : उत्तीर्ण. पुन्हा वाचला. मग शिक्का डबीत ठेवून डबी बंद केली. "माफ करा," तो म्हणाला. "हात आपोआप गेला."

आता मी मास्तरांच्या कारखान्यात आहे, खिडकीजवळ. दारात एक पायरी होती. धाकटीने ती पहिल्याच दिवशी मास्तरांना दाखवली आणि आठवड्याच्या आत तिथे सिमेंटचा उतार आला. मास्तर तिच्यावर ओरडतात, टाका वाकडा गेला तर सगळ्यांदेखत उसवायला लावतात, उशीर झाला तर खाडा धरतात. ती घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडते. किती सुखात आहे म्हणून सांगू!

माझं म्हणाल तर माझा पट्टा सैल झालाय आणि आवाज वाढलाय. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावरचं कापड काढा, तिला तेल घाला, तिला चालवा. आणि कुणाकडे बघून तुमच्या मनात आलं, की हिला कसं जमणार, तर लगेच कनवाळू होऊ नका. तिला सगळ्यांच्या खोलीत यायला वाट द्या. सगळ्यांना दिलं तेच कापड द्या आणि पुरते चार तास द्या. मग खुशाल नापास करा.